वॉर्डातला दरारा आणि रुग्णाचा जीव

इन्सुलिनची मात्रा लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, त्याऐवजी इंग्रजी 'यू' हे एकच अक्षर लिहू नये, असा दंडक रुग्णालयांना घालून दिलेला आहे. घाईघाईत खरडलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि दहा युनिटांचे शंभर होतात. एवढे इन्सुलिन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आता समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत, चाळीस खाटांच्या वॉर्डात एकच सिस्टर आहे आणि तिच्या हातातल्या केसपेपरवर असाच एक आकडा आहे. तो शंभर वाचावा की दहा, अशी शंका तिला आली आहे. शंका फिटायला एक फोन पुरतो. ती तो करील की नाही, हे तिच्या शिक्षणापेक्षा आणि सचोटीपेक्षा मागच्या वेळी फोन केला तेव्हा पलीकडून काय ऐकून घ्यावे लागले होते, यावर जास्त ठरते. "एवढंही वाचता येत नाही का?" हे वाक्य तिला चारचौघांत ऐकावे लागले असेल, तर ती आधी शेजारच्या वॉर्डात विचारेल, मग केसपेपरची मागची पाने चाळेल, मग अंदाज बांधेल. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. ज्या रात्री तो चुकतो, त्या रात्रीच्या चौकशीत 'परिचारिकेकडून चूक' असे लिहिले जाते. महिन्याभरापूर्वीच्या त्या ओरडण्याची नोंद कुठेच नसते.

वॉर्डात सर्वांसमोर केलेला पाणउतारा, ऑपरेशन थिएटरमध्ये भिरकावलेले अवजार, राऊंडला विचारलेल्या प्रश्नाला दिलेले कुत्सित उत्तर, रात्री आलेला फोन मुद्दाम न उचलणे, एखाद्याशी आठवडाभर अबोला धरणे. या सगळ्याकडे आपल्याकडे स्वभावाचा भाग म्हणून पाहिले जाते. 'सर थोडे तापट आहेत, पण हात सोन्याचा आहे' असे म्हणून विषय मिटतो. फार झाले तर प्रकरण आस्थापना विभागाकडे जाते आणि तिथे दोघांची समजूत घातली जाते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न सर्वांत आधी रुग्णसुरक्षेचा आहे. वॉर्डातल्या जंतुसंसर्गाची जशी नोंद होते, आकडे काढले जातात आणि जबाबदारी ठरवली जाते, तशीच या वागणुकीचीही व्हायला हवी. अपमान सहन करणाऱ्याला होणारा त्रास खरा आहेच, पण त्याची सर्वांत मोठी किंमत जो मोजतो तो त्या संभाषणात नसतोच. तो खाटेवर असतो, बहुधा गुंगीत.

रुग्णालयातल्या असुरक्षिततेचा विषय निघाला की महाराष्ट्रात नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीची आणि तोडफोडीची चर्चा होते. तिच्यासाठी राज्याने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात घडलेल्या अमानुष गुन्ह्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. हे दोन्ही आवश्यकच होते. परंतु भिंतींच्या आत, एकाच गणवेशातली किंवा एकाच युनिटमधली माणसे एकमेकांशी कशी वागतात आणि त्यामुळे उपचारांचे काय होते, यावर आपण जवळजवळ काहीच बोलत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा तयार केला होता. पण त्याचे नावही वॉर्डात काम करणाऱ्या किती जणांच्या कानावर गेले असेल, याची मला शंका आहे.

अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने जुलै २००८ मध्ये याच विषयावर इशारापत्र काढले आणि जानेवारी २००९ पासून प्रत्येक मानांकित रुग्णालयाला आचारसंहिता व ती मोडणाऱ्यांबाबतची कार्यपद्धती सक्तीची केली. याच सुमारास रोझेनस्टीन आणि ओडॅनियल यांनी १०२ रुग्णालयांतल्या साडेचार हजारांवर डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. डॉक्टरांकडून अशी वागणूक पाहिल्याचे ७७ टक्के लोकांनी सांगितले आणि परिचारिकांकडून पाहिल्याचे ६५ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा विसरता कामा नये, कारण या दोषावर एकट्या डॉक्टरांची मक्तेदारी नाही. वैद्यकीय चुकांशी या वागणुकीचा संबंध असतो असे ७१ टक्के लोकांना वाटत होते, आणि रुग्णाच्या मृत्यूशीही तो असतो असे २७ टक्क्यांना. त्याआधी, २००३ मध्ये, औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने दोन हजारांहून अधिक परिचारिका आणि औषधनिर्मात्यांना विचारले होते. दरडावले गेल्याच्या पूर्वानुभवामुळे औषधाच्या चिठ्ठीबद्दल शंका विचारण्याची आपली पद्धतच बदलली, असे जवळपास निम्म्यांनी कबूल केले. ज्या चुकीत दरडावणीचा हात होता अशा चुकीत गेल्या वर्षभरात आपण सापडलो, असे सात टक्के म्हणाले. वर सांगितलेल्या सिस्टरचा तो न केलेला फोन या निम्म्या लोकांमध्ये बसतो.

सर्वेक्षणांवर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. लोकांना काय वाटते हे त्यांतून कळते, प्रत्यक्षात काय घडले हे कळत नाही. दुखावलेला माणूस चुकीचे खापर दुखावणाऱ्यावर फोडू शकतो. म्हणून २०१५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी केलेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांची २४ पथके त्यात होती. प्रत्येक पथकापुढे बाळाचा पुतळा ठेवला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती आतड्याच्या गंभीर विकाराने झपाट्याने बिघडते आहे, असा प्रसंग रचला होता. परदेशातून आलेला एक तज्ज्ञ हे पाहतो आहे, असे पथकांना सांगण्यात आले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही पथकांना त्याने सुरुवातीलाच ऐकवले की या देशातल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून तो फारसा प्रभावित झालेला नाही. आणि मध्येच एकदा, की इथे पाहिलेली माणसे त्याच्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. त्याने शिवी दिली नाही, कोणाचे नाव घेतले नाही, आवाजही चढवला नाही. उरलेल्या पथकांशी तो तटस्थपणे बोलला. त्यानंतर निदान आणि उपचारकौशल्य या दोन्हींत टोमणे ऐकलेली पथके मागे पडली. कोणती पथके काय ऐकून आली आहेत, हे गुण देणाऱ्या परीक्षकांना माहीत नव्हते. मागे पडण्याचे कारणही संशोधकांनी शोधले. या पथकांतली माणसे एकमेकांना माहिती कमी देत होती आणि एकमेकांकडे मदत कमी मागत होती. एवढ्या सौम्य अवहेलनेचा हा परिणाम असेल, तर आपल्या वॉर्डांत रोज ज्या भाषेत लोकांना झापले जाते तिचा परिणाम किती होत असेल, याचा विचार करायला हवा.

चार वर्षांनी अमेरिकेत भूलशास्त्राच्या ७६ निवासी डॉक्टरांवर असाच एक प्रयोग झाला. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला आतून रक्तस्राव होतो आहे, असा बनावट प्रसंग होता. काहींच्या समोरचा सर्जन नेहमीसारखा वागला, काहींच्या समोरचा उतावीळ आणि तुसडा. चांगल्या वातावरणात ९१ टक्के डॉक्टरांनी अपेक्षित पातळीचे काम केले, तुसड्या वातावरणात जेमतेम ६४ टक्क्यांनी. त्याहून गंभीर गोष्ट अशी की 'तुमचे काम कसे झाले' असे विचारल्यावर दोन्ही गटांनी स्वतःला सारखेच गुण दिले. ज्यांचे काम ढासळले होते त्यांना ते ढासळल्याचा पत्ताही नव्हता. 'आम्हाला सवय झाली आहे, आता काही वाटत नाही' असे परिचारिका आणि कनिष्ठ डॉक्टर जेव्हा सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण आपल्या कामावर काय परिणाम झाला हे मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते.

'पुतळ्यांवरच्या प्रयोगाचे काय घेऊन बसलात, खरा रुग्ण समोर असला की सगळे सावध असतात,' असे यावर कोणी म्हणेल. त्याचे उत्तर व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दिले. दोन मोठ्या रुग्णालयांतल्या २०२ सर्जननी शस्त्रक्रिया केलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या सर्जनबद्दल त्याआधीच्या तीन वर्षांत सहकाऱ्यांनी चार किंवा अधिक तक्रारी नोंदवल्या होत्या, त्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण एकही तक्रार नसलेल्यांच्या रुग्णांपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी अधिक होते. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. असा सर्जन इतरही बाबतींत निष्काळजी असू शकतो. पण रुग्णाच्या दृष्टीने यात दिलासा काहीच नाही. 'वागतो कसाही, पण हात सोन्याचा' या समजुतीचा पायाच ही नोंद काढून घेते. शस्त्रक्रिया एका माणसाच्या दोन हातांनी होत नाही. भूल देणारा रक्तदाब घसरल्याचे वेळेवर सांगतो, स्क्रब सिस्टर एक मॉप कमी भरतो आहे असे टाके घालण्याआधी सांगते, रिकव्हरीतला ब्रदर ड्रेनमध्ये लाल रक्त वाढल्याचे कळवतो. यांतल्या प्रत्येकाला 'सांगावे की नको' असा क्षणभर जरी विचार करावा लागला, तरी त्या क्षणाची भरपाई सोन्याचा हात करू शकत नाही.

आणि गप्प बसायला समोरचा माणूस ओरडणाराच असावा लागतो, असेही नाही. इंग्लंडमध्ये मार्च २००५ मध्ये एलेन ब्रॉमिली ही ३७ वर्षांची स्त्री सायनसच्या साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिची श्वासनलिका मोकळी ठेवता येईना. थिएटरमध्ये अनुभवी कन्सल्टंट होते आणि ते नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली जाऊन बरीच मिनिटे उलटली. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करण्याचा संच आणला आणि तो आणल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण तिने तसे सांगितल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'हिला एवढे काय झाले' असा भाव तिला दिसला, म्हणून तिने ती खाट रद्द केली. काय करायला हवे हे त्या दोघींना कळले होते, ते ठामपणे कसे म्हणावे हे कळले नव्हते. एलेन त्यातून वाचली नाही. तिचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होते. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी म्हणून आग्रह धरला नाही. चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवला आणि वैद्यकीय कामातल्या मानवी घटकांचा अभ्यास व्हावा म्हणून संस्था उभारली. त्या दिवशी तिथे कोणी कोणाचा अपमान केल्याची नोंद नाही. मग त्या परिचारिका का थांबल्या? उतरंडीत आपल्या वरच्याला टोकायचे नसते, हा धडा माणूस एका दिवसात शिकत नाही. शिकाऊ असताना, पहिल्या नोकरीत, दुसऱ्याला बोलणी बसताना पाहून तो शिकतो. म्हणूनच 'आमच्या थिएटरमध्ये गेल्या वर्षभरात कोणी ओरडलेले नाही' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आपल्याकडची उतरंड इंग्लंडपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. वर डीन, मग विभागप्रमुख, युनिट हेड, लेक्चरर, सीनियर रेसिडेंट, ज्युनियर रेसिडेंट, इंटर्न अशी शिडी कागदावर असते. वॉर्डातल्या प्रत्यक्ष सत्तेची दुसरीच शिडी असते. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर तीन वर्षांचा पाहुणा असतो. इन्चार्ज सिस्टर आणि चतुर्थ श्रेणीचे मामा-मावशी तिथे वीस वीस वर्षे असतात. सीटी स्कॅनला रुग्ण नेण्यासाठी स्ट्रेचर मिळणे, रक्तपेढीतून पिशवी वेळेत येणे, हे कित्येकदा त्यांच्या मर्जीवर असते, आणि डॉक्टरने उद्धटपणे वागवलेला मामा त्याचा वचपा पुढच्या स्ट्रेचरवर काढतो. त्यात जात, भाषा, लिंग आणि कोण कुठल्या कोट्यातून आला याची कुजबुज मिसळते. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातून आलेल्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील आणि त्यावर इथे भाष्य करणे योग्य नाही. पण तेव्हाची सगळी चर्चा रॅगिंग आणि ॲट्रॉसिटी या दोन कायद्यांभोवती झाली. ज्या युनिटमध्ये कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठांपुढे भीतीने वावरतात, त्या युनिटमध्ये बाळंतिणींच्या उपचारांचे काय होते, हा प्रश्न कुठल्याच कायद्याने विचारलेला नाही आणि कुठल्याच समितीनेही विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

इथे डॉक्टरांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. छत्तीस तास जागा असलेला, एका खाटेवर दोन आणि जमिनीवर तिसरा रुग्ण पाहणारा माणूस गोड कसा बोलेल? आधी मनुष्यबळ द्या, मग सभ्यता शिकवा. या आक्षेपातला पूर्वार्ध मला शंभर टक्के मान्य आहे. निवासी डॉक्टरांचे सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक सुटी अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांनी मर्यादा वाढवून मागावी लागते, यातच प्रत्यक्ष स्थिती काय आहे ते दिसते. याच गटाच्या पाहणीत सुमारे १५ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे स्वतः सांगितले. थकव्याने माणूस चिडतो, हे खरे. पण 'आधी मनुष्यबळ' हा क्रम मला पटत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होणार हे ठरलेलेच असेल, तर त्याची चूक दुसऱ्याने पकडण्याची व्यवस्था तिथे सर्वांत जास्त हवी. भरलेल्या वॉर्डात ओरडण्याने नेमकी तीच व्यवस्था मोडते. शिवाय राग बहुतेक वेळा उतरंडीत खालीच वाहतो. छत्तीस तास जागा असलेला रेसिडेंट सिस्टरवर खेकसतो, विभागप्रमुखावर खेकसत नाही. थकव्यातही कोणापुढे आवाज आवरायचा हे त्याला कळते, याचा अर्थ आवरणे शक्य असते.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. धाकाशिवाय सर्जन घडत नाही, आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो, असे अनेक नामवंत प्राध्यापक मनापासून मानतात, आणि त्यांच्या हाताखाली उत्तम डॉक्टर तयार झाले हेही नाकारता येणार नाही. मात्र त्यांच्या शिस्तीचे दोन भाग वेगळे करून पाहायला हवेत. पोटावर हात न ठेवता सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवणे, निर्जंतुकीकरणात एक पायरी गाळली तर सगळे पुन्हा करायला लावणे, रात्री दोनला तपासलेल्या रुग्णाची नोंद सकाळी सातला पुन्हा मागणे, या कडकपणाने विद्यार्थी घडतो आणि रुग्ण वाचतो. त्याच विद्यार्थ्याच्या आईवडिलांचा उद्धार करण्याने त्याच्या ज्ञानात काहीही भर पडत नाही. तो फक्त पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास करताना आढळले की चांगल्या नेतृत्वाखालच्या पथकांत चुकांची नोंद कमी नव्हती, उलट जास्त होती. तिथे माणसे चुका सांगत होती. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. ज्या विभागात 'आमच्याकडे काही चुकतच नाही' असे सांगितले जाते, त्या विभागाची मला अधिक काळजी वाटते.

तिसरा आक्षेप मात्र असा आहे की त्याला उत्तर न देता कोणतीही आचारसंहिता आणली, तर ती धोक्याची ठरेल. अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्यालाच 'उपद्रवी' ठरवून बाहेर काढायला अशी संहिता सोयीची असते. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनंतर होणारे मृत्यू प्रमाणाबाहेर आहेत, हे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन १९९०च्या सुमारापासून सांगत होते. तिथल्या वरिष्ठांना तेच अडचणीचे वाटले; अखेरीस ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. २००१ मध्ये इयान केनेडी यांच्या चौकशी अहवालाने दाखवून दिले की १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालच्या मुलांचे अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ मृत्यू अधिक झाले होते. बोल्सिन यांचे म्हणणे खरे होते. रुग्णाच्या हितासाठी आग्रहाने बोलणारा डॉक्टरही 'गोंधळ घालणारा' ठरू शकतो, ही भीती अमेरिकेतही व्यक्त झाली आणि जॉइंट कमिशनने २०१२ मध्ये आपल्या नियमांतले शब्द बदलून 'सुरक्षेची संस्कृती ढासळवणारी वर्तणूक' असा रोख स्पष्ट केला. म्हणून कसोटी आवाजाच्या पट्टीची नको. या वागण्यामुळे समोरच्याचे बोलणे सुरू झाले की बंद पडले, हे पाहावे. थिएटरमध्ये 'थांबा, बाजू चुकते आहे' असे ओरडणारी सिस्टर सुरक्षा सांभाळते आहे. अगदी हळू आवाजात, हसत हसत तिला 'तुम्ही तुमचं काम बघा' म्हणणारा सर्जन ती मोडतो आहे.

मग करायचे काय? व्याख्याने आणि भिंतीवरचे फलक पुरणार नाहीत. खालच्या माणसाला लेखी अधिकार द्यावा लागेल. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी पथकाने नोंदवले की सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगितले होते आणि कॅप्टनने ऐकले नाही. सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती घेतले नाही. तसे करण्याचा अधिकार त्याला आहे की नाही याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, याचीही दखल अहवालाने घेतली. बोलण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते, नियमाचे पाठबळ नव्हते. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले आहे. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या, आणि डॉक्टरने एक जरी गाळली तरी त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. या नळीतून होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण दर हजार दिवसांमागे सरासरी ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. हात धुणे, निर्जंतुक कापड पसरणे यांत नवे ज्ञान काहीच नव्हते. सिस्टर थांबवू शकते आणि थांबवल्यावर प्रशासन तिच्या बाजूने उभे राहते, हे नवे होते.

तक्रारींच्या बाबतीत व्हँडरबिल्टची पद्धत आपल्या मोठ्या रुग्णालयांनी उचलण्यासारखी आहे. तिथे पहिल्या तक्रारीवर नोटीस निघत नाही. त्याच दर्जाचा एक प्रशिक्षित सहकारी त्या डॉक्टरकडे जाऊन, चहा-कॉफीच्या वेळात, 'तुमच्याबद्दल असे नोंदवले गेले आहे' एवढेच सांगतो. न्यायनिवाडा करत नाही, उलटतपासणी घेत नाही. बहुतेकांचे वागणे एवढ्यावर सुधारते, कारण आपण लोकांना कसे दिसतो याची त्यांना खरोखरच कल्पना नसते. तक्रारींची मालिका दिसली तर पायरी चढते, आणि शेवटच्या पायरीवर कितीही मोठा सर्जन असो, शस्त्रक्रियेचा अधिकार काढून घेतला जातो. ही शेवटची पायरी खरी नसेल तर आधीच्या सगळ्या पायऱ्या निरर्थक ठरतात. आपल्या खासगी रुग्णालयांत तिथेच गाडी अडते, कारण महिन्याला सर्वाधिक शस्त्रक्रिया आणणाऱ्या डॉक्टरला दुखावायला व्यवस्थापन तयार नसते. सरकारी रुग्णालयात बदली हाच उपाय समजला जातो, आणि एका वॉर्डातला त्रास दुसऱ्या वॉर्डात पोहोचतो. मानांकन देणारी 'एनएबीएच'सारखी संस्था हे दोन्ही बदलू शकते. तक्रारींचे रजिस्टर आहे का, एवढेच न विचारता विभागप्रमुखाविरुद्ध आलेल्या तक्रारीचे शेवटी काय झाले, हे तिने तपासले पाहिजे.

या सगळ्यातून एक मोठा हिस्सा तरीही बाहेर राहतो. तालुक्याच्या गावातले दहा-पंधरा खाटांचे नर्सिंग होम, जिथे मालक तोच सर्जन, तोच व्यवस्थापक आणि सिस्टरच्या पगाराची पाकिटे भरणाराही तोच. तिथली मुलगी कित्येकदा नर्सिंगची पदवी नसलेली, हाताखाली काम करून शिकलेली असते. तिने तक्रार कोणाकडे करायची? समकक्ष सहकारी नाही, समिती नाही, बदलीही नाही. नोकरी सोडणे एवढाच मार्ग आहे, आणि ती गेली की तिच्या जागी अधिक नवखी मुलगी येते. अशी रुग्णालये १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतात. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली, तेव्हा रुग्णांच्या तक्रारींसाठी स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक असावा, अशी तरतूद करण्यात आली. त्याच कक्षात, त्याच क्रमांकावर, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यालाही नाव गुप्त ठेवून रुग्णसुरक्षेची तक्रार नोंदवता यावी, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या तक्रारी अधिकाऱ्याच्या टेबलावर असाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही. आरोग्य विभागाने नियमांत एका कलमाची भर घातली तरी पुरेल.